लेखकपण आणि लिहिणे

मराठीत ‘लेखक’ हा शब्द व्यवसायवाचक क्वचितच असतो. बँकेच्या कागदावर किंवा मुलाच्या शाळाप्रवेशाच्या अर्जावर ‘व्यवसाय’ असा रकाना आला, की मराठी लेखक तिथे सहसा दुसरेच काही लिहितो. शिक्षक, प्राध्यापक, कारकून, आकाशवाणीतील अधिकारी, जाहिरातसंस्थेतील चित्रकार, शेती. हे लिहिताना त्याला आपण काही लपवीत आहोत असे वाटत नाही, कारण घर ज्यावर चालते ते त्याने प्रामाणिकपणे नोंदवलेले असते. तरीही त्या रकान्यात न मावलेली ओळखच त्याच्या दृष्टीने खरी असते आणि ती खरी आहे याचा कोणताही पुरावा, निदान लिहीत असण्याच्या काळात, त्याच्यापाशी नसतो. डॉक्टर रुग्ण नसतानाही डॉक्टर असतो, वकील खटला नसतानाही वकील असतो. लेखक मात्र न लिहिण्याच्या काळात काय असतो, याचे उत्तर त्याला स्वतःलाही देता येत नाही. लेखनजीवनातील बहुतेक क्लेशांचे मूळ या अनिश्चिततेत आहे, असे म्हणावे लागते.

या क्लेशांविषयी बोलताना दारिद्र्य, उपेक्षा आणि एकाकीपणा ही नावे चटकन पुढे येतात. ती खोटी नाहीत. परंतु ती बहुधा चरित्रकाराला दिसलेली असतात. प्रत्यक्ष लिहिणाऱ्याला रोज जे छळते ते याहून सामान्य, जवळजवळ सांगायलाही संकोच वाटावा असे असते. वेळ नसतो. सकाळी पाणी येण्यापूर्वीचा एक तास, रात्री घर झोपल्यानंतरचे दोन तास, लोकलच्या डब्यात पाठीवर ठेवलेली वही, परीक्षेच्या पर्यवेक्षणात कोऱ्या पुरवणीच्या मागे टिपलेली ओळ. केशवसुतांचे उदाहरण या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. १८६६ साली मालगुंडला जन्मलेला हा कवी आयुष्यभर शाळामास्तरच राहिला. खानदेशातील शाळांतून शिकवीत अखेरीस धारवाडला पोहोचला आणि १९०५ साली हुबळीस प्लेगने गेला. अवघी सव्वाशे-दीडशेच्या दरम्यान भरणारी कविता मागे राहिली. हयातीत संग्रह निघाला नाही. तो पुढे हरि नारायण आपटे यांनी प्रसिद्ध केला. आधुनिक मराठी कवितेचा आरंभ म्हणून ज्या रचनेकडे बोट दाखवले जाते, ती एका बदल्यांनी त्रस्त झालेल्या, तुटपुंज्या पगाराच्या मास्तराने शाळा सुटल्यानंतर केलेली आहे. समीक्षेने तिच्यातील क्रांतिकारकत्वाची पुष्कळ चर्चा केली. ते क्रांतिकारकत्व कोणत्या वेळी, कोणत्या थकव्यातून लिहिले गेले असेल, याची चर्चा झाली असती तर त्या कवितेतील उद्वेगाला केवळ पाश्चात्त्य प्रभावाचे लेबल चिकटवून मोकळे होणे जड गेले असते.

कविता निदान अशा तुटक आयुष्यात मावू शकते. कादंबरीला सलग दिवस लागतात. मराठीत कथा आणि कविता जितकी बहरली तितकी कादंबरी बहरली नाही, अशी तक्रार अनेकदा होते आणि तिची कारणे मध्यमवर्गीय संवेदनस्वभावात, अनुभवाच्या तोकडेपणात शोधली जातात. ती तिथे असतीलही. पण ज्या भाषेतील बहुसंख्य गद्यलेखक मास्तर किंवा कारकून आहेत, त्या भाषेत मे महिन्याच्या सुटीत किती पाने लिहून होतात, हाही वाङ्मयप्रकाराच्या चर्चेतला एक मुद्दा ठरावा.

सवडीचा प्रश्न एका अर्थी सुटला होता तो हरिभाऊ आपट्यांच्या बाबतीत. पुण्याच्या आनंदाश्रमाची व्यवस्था त्यांच्याकडे होती आणि ‘करमणूक’ हे साप्ताहिक त्यांच्या स्वतःच्या हाती होते. १८९० पासून या साप्ताहिकातून ‘पण लक्षात कोण घेतो!’ आठवड्याआठवड्याने वाचकांसमोर येत गेली. आठवडा संपला की मजकूर हवाच, ही सक्ती कोणत्याही कलावंताला नकोशी वाटेल. तरीही त्या सक्तीशिवाय यमूची कहाणी त्या विस्ताराने, त्या घरगुती तपशिलाने उभी राहिली असती का, अशी शंका घेण्यास जागा आहे. क्रमशः लेखनाने हरिभाऊंच्या रचनेत पाल्हाळ आणला हे खरे. त्याच पाल्हाळात मराठी गद्याला घरातल्या माजघराची भाषा सापडली, हेही तितकेच खरे. तेव्हा मुदत ही लेखकाची शत्रूच असते, हे समीकरण तपासून घ्यावे लागते.

मराठी लेखकाच्या मुदतीचे खरे नाव मात्र दिवाळी आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि पुढे या प्रथेने मराठी लेखनव्यवहाराचे पंचांगच बदलून टाकले. जगात इतरत्र लेखकाचे वर्ष कसे असते कोण जाणे, मराठी लेखकाचे वर्ष मेअखेरीस सुरू होते. संपादकांची पत्रे येतात (आता दूरध्वनी आणि संदेश येतात), त्यांत ‘आपली कथा गृहीत धरली आहे’ असे वाक्य असते. जून पावसाच्या नावाखाली निघून जातो. जुलैत आठवण येते. ऑगस्टमध्ये आठवणीला किंचित नाराजीची धार असते, कारण जाहिराती गोळा झालेल्या असतात, फॉर्म छापायला जायचे असतात, चित्रकार मजकुरासाठी खोळंबलेला असतो. या दोन-अडीच महिन्यांत एका मान्यवर कथाकाराने चार-पाच कथा द्याव्यात अशी अपेक्षा असते आणि तो देतोही. दिवाळी होते, अंक घरी येतात, मानधनाचा धनादेश कधी येतो, कधी पुढच्या दिवाळीच्या पत्राबरोबर त्याची क्षमायाचना येते. मग डिसेंबर ते मे या काळात तो काय करतो? बहुधा काहीच नाही. वाचतो, व्याख्याने देतो, परीक्षणे लिहितो, आणि आपण आता मोठे काही हाती घ्यायचे आहे असे मित्रांना सांगतो.

या व्यवस्थेने मराठीला काय दिले हे नाकारण्याचे कारण नाही. नवकथेपासून दलित कथेपर्यंत असंख्य महत्त्वाचे लेखन या अंकांतून प्रथम आले; दूरच्या तालुक्यातील नव्या लेखकाला पुण्या-मुंबईच्या वाचकापर्यंत जाण्याचा तोच एक मार्ग होता. परंतु या व्यवस्थेने लेखकाच्या आंतरिक कालमानाचा ताबा घेतला. कथा किती लांबीची असावी, कुठे वळावी, किती संपावी, हे अंकाच्या पानांनी ठरवले. आणि याहून घातक म्हणजे, बोलावणे आले की लिहायचे ही सवय लागली. ज्याला बोलावणे येते तो लेखक, ही समजूत वाचकाची असती तर बिघडले नसते. ती लेखकाचीच होऊन बसली. एखाद्या वर्षी पत्रे कमी आली की तो अस्वस्थ होतो. आपले लेखन उतरणीला लागले की काय, असा प्रश्न त्याला पडतो. आणि हा प्रश्न तो स्वतःच्या कथेला न विचारता टपालाला विचारतो, यातच सगळे आले.

याच्या नेमक्या विरुद्ध टोकाला अरुण कोलटकर उभे आहेत. १९७६ साली त्यांचे ‘जेजुरी’ हे इंग्रजी पुस्तक निघाले, पुढल्याच वर्षी त्याला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला आणि त्याच १९७७ साली ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा मराठी संग्रह प्रास प्रकाशनाने काढला. कुठल्याही कवीने यानंतर भराभर पुस्तके दिली असती. कोलटकरांचा पुढचा मराठी संग्रह येण्यास सुमारे पंचवीस वर्षे लागली. २००३ मध्ये ‘चिरीमिरी’ आणि ‘भिजकी वही’ आली. २००४ च्या सप्टेंबरात कवी गेला. ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो त्यानंतर, २००५ साली. या पंचवीस वर्षांत ते लिहीत नव्हते असे नाही. काळा घोड्याजवळच्या वेसाइड इनमध्ये बसणारा, समोरचा चौक न्याहाळणारा हा माणूस सतत लिहीत होता. इतिहासपुराणांतील आणि देशोदेशींच्या रडणाऱ्या स्त्रियांचा तो प्रचंड आलेख काही एका वर्षात होत नाही. तो प्रसिद्ध करीत नव्हता, इतकेच. मराठीत लिहिणे आणि छापणे या क्रिया इतक्या एकजीव झाल्या आहेत की त्यांच्यात पंचवीस वर्षांचे अंतर असू शकते ही गोष्टच लोकांना विक्षिप्तपणाची वाटली.

कोलटकरांना हे परवडले याचे एक कारण त्यांच्या स्वभावात असेल, दुसरे त्यांच्या नोकरीत होते. जाहिरातक्षेत्रात त्यांचे आलेखनकार म्हणून मोठे नाव होते. पोटासाठी त्यांना कविता वापरावी लागली नाही, म्हणून कवितेवर त्यांना कोणाचीच मुदत स्वीकारावी लागली नाही. नोकरी लेखकाला मारते हे खरे धरले, तर नोकरीने कोलटकरांची कविता राखली हे कसे समजून घ्यायचे? धारवाडला इंग्रजी शिकवणारे जी. ए. कुलकर्णी असेच. समारंभांपासून, सत्कारांपासून, छायाचित्रांपासूनही दूर राहण्याचा त्यांचा निग्रह एका प्राध्यापकाच्या नियमित वेतनावर उभा होता. ‘काजळमाया’ला मिळालेला साहित्य अकादमीचा १९७३ चा पुरस्कार, पुस्तकाच्या प्रकाशनकाळाविषयी आक्षेप निघताच त्यांनी परत केला. यातील तत्त्वनिष्ठेचे कौतुक होते ते योग्यच. पण जो लेखक पुरस्काराच्या रकमेवर मुलीचे लग्न किंवा घराचे छप्पर करणार असतो त्याला ही तत्त्वनिष्ठा किती महाग पडेल, याचा हिशेबही त्या कौतुकाशेजारी मांडला पाहिजे.

तो हिशेब मांडायला गेले की अण्णा भाऊ साठे यांच्यापाशी थांबावे लागते. वाटेगावहून वडिलांबरोबर चालत मुंबईला आलेला, शाळा जवळजवळ न पाहिलेला हा लेखक गिरणीत राबला, पोवाडे-लावण्यांनी कामगारांच्या सभा गाजवल्या, तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. १९५९ सालच्या ‘फकिरा’ला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, १९६१ मध्ये त्यांनी रशियाचा प्रवास केला. आणि घाटकोपरच्या चिरागनगरातील वस्तीत राहून, विपन्नावस्थेत, १८ जुलै १९६९ रोजी, पन्नाशीही न गाठता ते गेले. त्यांच्या नावाचे टपाल तिकीट २००२ साली निघाले, २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. या घटनांचा आनंद मानावा. मात्र दारिद्र्यामुळेच त्यांच्या लेखनाला धार आली, असे जे सहजपणे म्हटले जाते त्यात एक निर्दयपणा आहे. दारिद्र्याने त्यांना विषय दिले असतील. त्याच दारिद्र्याने त्यांच्याकडून कादंबरीवर दुसरा हात फिरवण्याची सवड काढून घेतली. अण्णा भाऊंच्या काही कादंबऱ्यांतील घाई, योगायोगांचे आधार, मेलोड्रामाकडे झुकणारे शेवट यांवर समीक्षेने बोट ठेवले आहे. मात्र एक कादंबरी संपताच दुसरी सुरू करणे ज्याला चूल पेटण्यासाठी भाग होते, त्याच्या घाईचे मूल्यमापन निव्वळ शैलीचा दोष म्हणून करणे ही टीकाशास्त्राचीच उणीव होय. कोलटकरांचे मौन आणि अण्णा भाऊंची विपुलता या दोन्हींकडे कलावंताच्या प्रकृतीची लक्षणे म्हणून पाहिले जाते. दोन्हींत पगारपत्रकाचाही वाटा आहे.

वेळ आणि पैसा यांच्याविषयी निदान बोलता येते. लेखकाच्या वाट्याला येणारी तिसरी अडचण अशी आहे की तिच्याविषयी घरात बोलता येत नाही, कारण ती घराविषयीचीच असते. माणूस लिहितो ते जवळच्यांना पाहून. विभावरी शिरूरकर या टोपणनावाने १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आले तेव्हा उठलेल्या वादळात, ही बाई कोण, किंवा बाईच आहे की पुरुष, याचीच चर्चा अधिक झाली. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित स्त्रियांचे जे कोंडलेपण त्या कथांत होते ते सर्वांच्या घरात होते; ते छापले जाणे तेवढे असह्य होते. बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर, यांनी घेतलेले नाव हा त्यांचा आडोसा होता. लेखिकेला स्वतःच्या पुस्तकावर स्वतःचे नाव घालता येऊ नये, ही लेखकपणाची एक किंमत, आणि ती बहुतेक वेळा स्त्रियांनीच मोजली आहे.

दया पवारांनी हीच अडचण वेगळ्या रीतीने सोडवली, किंवा सोडवली नाही. ‘बलुतं’ (१९७८) मध्ये दगडू मारुती पवार हा माणूस दया पवार या लेखकाला आपली कहाणी सांगतो. दोघे एकच आहेत हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते. ही योजना आत्मकथनाचे एक तंत्र म्हणून अभ्यासली गेली आहे. परंतु ती तंत्रापुरती नाही. ज्याने भोगले तो आणि जो शब्द जाणतो तो, असे दोघे एका देहात राहतात, आणि त्यांपैकी एकाला दुसऱ्याची किंचित लाज वाटते, हे त्या मांडणीत उघडे पडले आहे. दगडूला गावकुसाबाहेरची वस्ती आठवते, कावाखान्यातील खोली आठवते, आईचे कष्ट आठवतात. दया पवारला कविता, सभासंमेलने आणि कारकुनाचा पांढरपेशा पोशाख आहे. पुस्तकाचे स्वागत झाले तेव्हा ते दया पवारचे झाले. नाराजी आली ती दगडूच्या लोकांकडून आली: आपली उणीदुणी चव्हाट्यावर का मांडली? हा प्रश्न विचारणारे अडाणी होते असे म्हणून तो निकालात काढता येणार नाही. ज्या समाजाकडे शतकानुशतके केवळ हीनपणे पाहिले गेले, त्याला आपल्या दुबळ्या जागा पुस्तकात छापून येणे जड जाणारच. लेखकाने ते लिहिले पाहिजे होते आणि त्या लोकांना दुखावण्याचा अधिकार त्याला नव्हता, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. त्यांच्यात निवाडा करणारे न्यायालय साहित्यशास्त्रात नाही. निवाडा न होताच लेखकाला पुढचे पान लिहावे लागते.

यशाचाही एक छळ असतो, त्याच्याविषयी थोडक्यात. ‘लेखकाचा लेखकराव होतो तो का?’ हा भालचंद्र नेमाडे यांचा लेख गाजला आणि ‘लेखकराव’ हा शब्द मराठीत रूढ झाला. वयाच्या पंचविशीत ‘कोसला’ (१९६३) देणाऱ्या नेमाड्यांची दुसरी कादंबरी ‘बिढार’ १९७५ साली आली, हे या संदर्भात ध्यानात घेण्यासारखे आहे. हार, शाल, श्रीफळ, परीक्षक-मंडळे, उद्घाटने यांनी लेखक नाहीसा होतो आणि त्याच्या जागी त्याचा प्रतिनिधी वावरू लागतो. मात्र व्यासपीठ हे नेहमीच लेखनाचा अपव्यय असते, असा निष्कर्ष काढणेही एकांगी होईल. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षस्थानी दुर्गा भागवत होत्या, आणीबाणी चालू होती, स्वागताध्यक्षपदी यशवंतराव चव्हाण होते. त्या व्यासपीठावरून आविष्कारस्वातंत्र्याविषयी त्या जे बोलल्या त्याची परिणती पुढच्या वर्षी त्यांच्या अटकेत झाली. आयुष्याचा मोठा भाग एशियाटिक ग्रंथालयाच्या टेबलाशी काढलेल्या या बाईंनी ‘ऋतुचक्र’ आणि ‘व्यासपर्व’ ज्या एकांतात लिहिले, तोच एकांत त्यांना सभेत निर्भय करीत होता. पुढे त्यांनी पद्मश्री नाकारली, ज्ञानपीठही नाकारले.

उरतो तो प्रश्न इतक्या अडचणींत लिहायचेच कशाला, हा. याचे सामान्य उत्तर शोधू गेल्यास ‘आत्माविष्कार’, ‘सामाजिक बांधिलकी’ असे शब्द हाती येतात आणि ते शब्द वापरून वापरून गुळगुळीत झाले आहेत. लक्ष्मीबाई टिळकांच्या बाबतीत ते दोन्ही निकामी ठरतात. रीतसर शिक्षण नाही. नवऱ्याच्या धर्मांतराने संसार मोडला, पुन्हा जुळला. स्वतःही ख्रिस्ती झाल्या. १९१९ साली रेव्हरंड टिळक गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य दहा-साडेदहा अध्यायांवर थांबले होते. ते पुरे करण्याचे कोणीही लक्ष्मीबाईंना सांगितले नसते तर नवल नव्हते. मराठीत महाकवीची विधवा स्मारके उभारते, महाकाव्ये लिहीत नाही. त्यांनी चौसष्ट अध्याय लिहिले. त्याच वर्षांत मुलाच्या आग्रहाने ‘स्मृतिचित्रे’ लिहून होत होती. तिचा पहिला भाग १९३४ साली निघाला आणि मराठी गद्यातील एक अत्यंत प्रसन्न पुस्तक म्हणून लोकांच्या ओठी बसला. ‘ख्रिस्तायन’ची तुलनेने कोणाला आठवण नाही. लक्ष्मीबाईंना विचारले असते तर त्यांनी आपले खरे काम म्हणून कोणते पुस्तक पुढे केले असते, हे सांगणे कठीण नाही. लिहिणाऱ्याला आपले काम कोणते हे ठाऊक असते. वाचक पुष्कळदा दुसरेच उचलतो.

१९३६ साली त्या गेल्या. ‘ख्रिस्तायन’ १९३८ साली छापून आले. अर्धा राहिलेला अकरावा अध्याय तेव्हा पुरा झालेला होता.